रिकाम्या वर्तुळातलं नाव

आमच्याकडे आता लग्न जमवताना पत्रिकेच्या आधी उगम बघतात. मुलाची नोकरी, मुलीचं शिक्षण, शेती किती, हे सगळं बोलून झालं की कोणीतरी काका घसा खाकरून विचारतो, "आणि उगम स्वच्छ आहे ना हो?" म्हणजे तुमच्यापासून आजवर कोणाला रोग लागून कोणी दगावलं तर नाही ना? मंगळाची निदान शांत तरी करता येते. उगमाला शांत नाही.

हे उगम मी वाचते. जिल्ह्याच्या उत्तर भागाला नेमलेली एकमेव वाचक, हेमलता वारके. वय अठ्ठावन्न, लग्न केलं नाही, त्यामुळे माझा स्वतःचा उगम विचारायला कोणी येत नाही. लोक म्हणतात बाई फटकळ आहे. आहे. दिवसभर कोणी कोणाला आजारी पाडलं हेच सांगायचं, तर त्यात गोड काय बोलणार?

उगम काढणारं यंत्र समजायला तसं अवघड नाही. विषाणू म्हणजे काही हजार अक्षरांचा मजकूर. माणसातून माणसात जाताना त्याच्या नकला होतात, आणि नक्कल म्हटली की चूक आलीच. पूर्वी या चुका इतक्या थोड्या सापडत की एकाच घरातल्या दोन रोग्यांत कोणी कोणाला दिलं ते ठरवता येत नसे. मग एकाच रोग्याच्या पोटातल्या लाखो विषाणूंचा मजकूर सुटासुटा वाचायची युक्ती निघाली आणि कोणाकडून कोणाकडे, याचा बाण काढता येऊ लागला. जोडीला बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा. त्यावरून लागण साधारण कधीची ते कळतं, चार-सहा दिवस इकडेतिकडे. दोन्ही एकत्र केलं की पडद्यावर झाड उभं राहतं. एक माणूस म्हणजे एक वर्तुळ, आणि वर्तुळांमधून बाण.

आधी हे साथ आवरण्यापुरतं होतं. मग कायदा आला. रोगानं कोणी मेलं तर उगम काढायचाच आणि ज्याच्यापासून रोग आला त्याच्या आरोग्यखात्यावर तो कायमचा चढवायचा. लोक जबाबदारीनं वागतील, अशी कल्पना. लोक वकिलांकडे गेले.

मी सांगतेय ती गोष्ट काविळीची, तिच्यातल्या 'अ' प्रकाराची. ही कावीळ तोंडावाटे येते. एकाच्या शौचातून निघून दुसऱ्याच्या तोंडात, एवढाच तिचा प्रवास. ऐकायला किळस वाटते, पण वाटा सगळ्या रोजच्याच. न धुतलेला हात, गटाराला लागून असलेली विहीर, गाडीवरच्या सरबतातला बर्फ, कच्ची पालेभाजी, नुसती वाफ दाखवून उघडलेले तिसऱ्यांचे शिंपले, बाळाचं दुपटं. त्यातून ती फसवी फार. डोळे पिवळे व्हायच्या आधीचे आठ-पंधरा दिवस माणूस ती सगळ्यात जास्त पसरवतो, म्हणजे स्वतःला ठणठणीत समजत असतो तेव्हा. आणि लहान पोरं तर बहुतेक वेळा पिवळी पडतच नाहीत. एखादा दिवस किरकिर, दोनदा जुलाब, संपलं. पुढे मात्र कित्येक आठवडे, कधी महिने, त्यांच्या पोटातून विषाणू बाहेर पडत राहतो.

आमची पिढी विहिरीचं आणि ओढ्याचं पाणी पिऊन वाढली. आम्हाला सगळ्यांना ही कावीळ लहानपणीच न कळत होऊन गेली आणि जाताना जन्माचं संरक्षण देऊन गेली. आमच्या मुलांना आम्ही पाणी गाळून, उकळून पाजलं. ती तिशीची झाली तरी या विषाणूला कधी भेटलीच नव्हती. तिशीत पहिली भेट झाली तर यकृत ती सोसेलच असं नाही. लस आहे, केव्हापासून आहे. पण जो रोग आजूबाजूला दिसत नाही त्याची लस आठवणीनं कोण घेतो?

माझा मोठा भाऊ दिगंबर. मी त्याला दादा म्हणते. सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचा मळा आहे. केळी, वांगी आणि कांद्याची पात. थंडी पडली की त्याच्या मळ्यात भरीत असतं. खानदेशात भरीत ही भाजी नव्हे, तो समारंभ आहे. कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर वांगी भाजायची, लाकडी काठवटीत ठेचायची, आणि पात मोजून घालणाऱ्याला आमच्याकडे चिक्कू म्हणतात. भरितात पात, भरितावर पात, आणि भाकरीसोबत हातात धरून चावायला परत कच्ची पात. पाहुण्यांनी ती स्वतः उपटायची आणि विहिरीशेजारच्या दगडी हौदात बुचकळून काढायची, हा दादाचा नियम.

हौदाची आणखी एक रीत होती. घरातलं मूल पहिल्यांदा भरिताला आलं की त्याला त्या हौदात बसवायचं. दादाला बसवलं होतं, मला बसवलं होतं. यंदा पाळी जुईची. जुई म्हणजे दादाच्या एकुलत्या एक लेकीची, अन्विताची मुलगी, नुकती दोन वर्षांची झालेली. मागची थंडी ती तापात होती म्हणून आली नव्हती. अन्विता आणि तिचा नवरा सौमित्र पुण्याला असतात. दादानं नातीचे कपडे काढले, लंगोट सोडला आणि तिला अलगद पाण्यात बसवलं.

"बाबा, गार आहे पाणी!" अन्विता काठावरून ओरडली. "परवाच पोट बिघडलं होतं तिचं."

"काही होत नाही," दादा म्हणाला. "मळ्याचं पाणी लागू दे तिच्या अंगाले. तुले नव्हतं बसवलं? झाली ना एवढी मोठी?"

जुई पाण्यावर थापट्या मारत होती. सौमित्र तिचं चित्रण करत होता. हौदाच्या दुसऱ्या टोकाला पाहुणे मंडळी पातीच्या जुड्या धूत होती आणि धुता धुता एकेक काडी तोंडात टाकत होती. फार छान दिवस होता तो. आजही मला तो छानच आठवतो, याचं मला वाईट वाटतं.

दोन-तीन आठवड्यांनी अन्विताला मळमळ सुरू झाली, मग ताप, मग डोळे पिवळे. तिच्या मागोमाग आठवड्याभरात भरिताचे पाहुणे पडू लागले. सगळे चाळिशीच्या आतले. सौमित्रही पिवळा पडला, पण चार दिवसांत उठून बसला. बाकीचेही उठले. अन्विता उठली नाही. तिचं यकृत निकामी होत चाललं. दादा पुण्याच्या रुग्णालयात डॉक्टरांच्या मागे मागे फिरत होता, माझं यकृत काढून घ्या म्हणत होता. त्याच्या तपासण्या चालू असतानाच ती गेली.

गावाला कारण सापडायला वेळ लागला नाही. शहराचं सांडपाणी शुद्ध करून आता नळानं मळ्यांना देतात. दादा ते केळीला देत असे. "केळीला कशाचं, पातीलाच पाजलं असेल," असं एकानं म्हटलं आणि दुसऱ्यानं ते बघितल्यासारखं सांगितलं. व्यापाऱ्यांनी त्याची पात उचलायची थांबवली. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," असं त्याच्या तोंडावर म्हणणारेही निघाले. दादानं कोणालाच उत्तर दिलं नाही. नळाचं पाणी विहिरीत झिरपलं असेल का, हे तो मलाच दोनदा विचारून गेला.

घरच्या माणसाचा उगम वाचकानं वाचू नये असा नियम आहे. मी वरिष्ठांना तसं कळवलं. त्यांनी "मळा तुमच्या भागातला, तिथं दुसरं कोणी नाही, तुम्हीच बघा" म्हणून हात झटकले.

झाड उभं राहिलं तेव्हा माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. पाहुण्यांची एक फांदी, अन्विताची वेगळी फांदी, सौमित्रची त्याहून वेगळी. कोणाचा कोणाला बाण नव्हता. तिन्ही फांद्या एकाच खोडातून निघत होत्या आणि खोडाचं वर्तुळ रिकामं होतं. अन्विताच्या रक्तानं सांगितलं की तिला लागण भरिताच्या आठ-दहा दिवस आधीची, पुण्यातच झालेली. म्हणजे हौदाचा तिच्या मरणाशी संबंध नव्हता. पाहुण्यांना हौदातून लागली, पण हौदात तरी ती आली कुठून? आधी पुण्यात अन्विताजवळ आणि मग मळ्यातल्या पाण्यात, असं कोण होतं? हे सांगायला यंत्र कशाला हवं?

पण यंत्रालाही कळलं होतंच. खाली ओळ आली: कुटुंबातील पाच वर्षांखालील व्यक्तीचा नमुना घ्या. वीस दिवसांत नमुना आला नाही तर जिथे सगळ्यात जास्त जणांना लागण झाली त्या जागेचं नाव रिकाम्या वर्तुळात पडतं आणि जागेच्या मालकाच्या खात्यावर उगम चढतो. मालक दिगंबर वारके.

दुसऱ्याच दिवशी सौमित्र कार्यालयात आला, जुईला कडेवर घेऊन. दाढी वाढलेली, शर्टाची गुंडी चुकीच्या काजात.

"आत्या, जे काय नमुने लागतील ते घ्या," तो म्हणाला. "पण मला नाव हवं. ते पाणी कुठलं होतं, कोणी सोडलं, सगळं. माझी बायको गेली आहे."

"नाव कळून काय करणार आहेस?"

"जन्मभर त्या माणसाचं तोंड बघणार नाही. जुईलाही बघू देणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या भावाचं असलं तरी."

जुई माझ्या टेबलावर बसून पेन चावत होती. नमुन्याचा डबा हातभर अंतरावर होता. सौमित्रला नुसतं म्हणायचं होतं, हिचा लंगोट दे. मुलांना अठराव्या वर्षी आपलं खातं स्वतः उघडता येतं. ती उघडेल आणि वाचेल: दगावलेली व्यक्ती, आई. मी डबा उचलला नाही. सौमित्रला म्हटलं, सगळे नमुने आलेत. ती दोघं गेल्यावर यंत्रात 'नमुना उपलब्ध नाही' असं नोंदवलं आणि दार लावून रडले.

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मला दिसत नव्हतं असं नाही. आणि इथं तर चोरही नव्हता. त्या पोरीनं काय केलं होतं? दुसऱ्या पोराचं खेळणं तोंडात घातलं असेल. ती पुण्यात पाळणाघरात जात असे, तिथूनच आलं असणार. मी त्या पाळणाघराला फोनही केला. म्हटलं, आईबापांना काविळीची लस टोचून घ्यायला सांगा. पलीकडची बाई म्हणाली, "उगम क्रमांक सांगा ना मॅडम. नुसतं तोंडी सांगितलं तर पालक घाबरून मुलं काढून नेतील." क्रमांक द्यायचा तर नाव द्यावं लागणार होतं. मी फोन ठेवला.

दादाला मात्र सांगायलाच हवं असं मला वाटलं. आपण लेकीला मारलं अशा समजुतीत तो मरेल, हे मला सोसवेना. मळ्यात गेले. त्यानं पातीचे वाफे नांगरून टाकले होते. बांधावर बसून मी त्याला सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की अजून मुदत आहे, नमुना घेतला तर तू सुटशील, सौमित्र तुला नात भेटू देईल.

तो बांधावरून उठून उभा राहिला. मग चिडला. लहानपणापासून मी त्याला इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"तू हे मले कशाले सांगू राहिली, हेमे? मी माह्यावर घेतलं होतं ना? पचवू राहिलो होतो ना मी ते? आता ती पोरगी समोर आली, तं मी तिच्याकडे कसा पाहू?"

त्याचं ओझं हलकं करायला म्हणून मी गेले होते, आणि हलकं झालं होतं ते माझंच.

थोड्या वेळानं तो शांत झाला. "ते नाव पुसता येतं का नंतर?"

"नाही."

"मग माह्यंच राहू दे. मोठी झाली की तिले माह्या राग येईल. येऊ दे. दुसऱ्याचा राग येऊन माणूस जगतं. स्वतःचा आला तं जगत नाही."

मुदत संपायला आठवडा राहिला होता. हा आठवडा गेला की झालं, असं मी रोज उठून मनाला सांगत होते. तेवढ्यात पुण्याच्या वाचक शबाना तांबोळी यांचा फोन आला. आम्ही कधी भेटलो नाही, पण कामानिमित्त बोलणं असतं.

"हेमलताताई, माझ्याकडे एक बाई आलीय, एकोणतीस वर्षांची. कालपासून शुद्धीत नाहीये नीट. तिचा विषाणू तुमच्या त्या रिकाम्या वर्तुळापासून दोनच अक्षरं लांब आहे. मुलगा पाळणाघरात जातो. तुमचं खोड त्याच पाळणाघरातलं आहे का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई, नाव मिळालं तर आज ते पाळणाघर बंद करता येईल आणि सगळ्या घरांना लस पाठवता येईल. लागण होऊन दोन आठवडे उलटायच्या आत टोचली तर अजून पुष्कळ जण वाचतील. नाव नसेल तर माझे हात बांधलेले आहेत."

मी दादाला फोन लावला. मला वाटलं होतं तो ओरडेल. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"त्या बाईले पोरगं आहे म्हणे?"

"आहे. जुईएवढंच."

"जाय मग," तो म्हणाला. "लवकर जाय."

अन्विता गेल्यापासून सौमित्र जळगावात त्याच्या बहिणीच्या घरी राहत होता. बहीण कामावर गेलेली. मी नमुन्याचा डबा मांडीवर घेऊन बसले आणि त्याला सगळं सांगितलं, दादाच्या खात्यावर काय चढणार होतं तेही. आडवळणानं नाही, मला ते येत नाही. सांगताना जुई आमच्या मध्ये फरशीवर बसून वाट्या एकमेकींत बसवत होती.

त्यानं आधी ऐकलंच नाही असं केलं. मग म्हणाला, "चूक होऊ शकते यंत्राची."

"नमुना घेतला की कळेल."

"नको." तो झटकन उठला. "घेऊच नका नमुना. अन्विताच्या बाबांचं नाव लागणार होतं ना? लागू दे की. त्यांचं वय झालंय, त्यांना काय फरक पडतो? आत्या, ती दोन वर्षांची आहे हो!"

दोन आठवड्यांपूर्वी ज्याला नाव हवं होतं तोच हा माणूस. मला त्याचा राग आला नाही. मी स्वतः तेच केलं होतं, त्याच्या आधी.

"जुईच्या पाळणाघरातल्या एका पोराची आई पुण्यात बेशुद्ध पडलीय," मी म्हटलं. "बाकीच्या आया अजून चालत्याफिरत्या आहेत. आज लस मिळाली तर राहतील."

"आणि जुई?"

"जुईच्या खात्यावर ते राहील. मी खोटं सांगणार नाही. अठरा वर्षांची होईल तेव्हा तिच्याजवळ आपण बसायचं आणि तिला समजावायचं. तू असशील. मी असले तर मीही."

"काय समजावायचं?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं.

तो माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभा राहिला. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. मग तो वळला, जुईला उचलून आतल्या खोलीत घेऊन गेला आणि थोड्या वेळानं लंगोट नीट गुंडाळून घेऊन आला. मी नमुना घेतला, झाकण लावलं, वर नाव लिहिलं. जुई सौमित्र राणे.

सौमित्र मोरीत हात धुवायला गेला. साबण लावला, धुतला, परत लावला. जुई त्याच्या मागे दुडदुडत गेली आणि पायाला मिठी मारून म्हणाली, "बाबा, घे." तो धूतच राहिला. "बाबा, घे ना." मनगटं लाल झाली तरी नळ बंद होईना. शेवटी मी जाऊन नळ बंद केला.

"पुरे झालं. घे तिला."

त्यानं ओल्या हातांनी तिला उचललं. तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले आणि पापा घ्यायला तोंड पुढे केलं. त्यानं मान बाजूला वळवली. अगदी थोडी, लगेच परत फिरवलीही, आणि तिचा गाल आपल्या गालावर दाबून धरला. पण वळवली होती. आजाराची भीती म्हणावी तर ती कावीळ त्याला होऊन गेली होती, आता जन्मात परत होणार नव्हती.

मी पाहिलं हे त्याला कळलं. "आत्या," तो म्हणाला, "हे कोणाला सांगू नका."